जाळीतून आत गेलेली भाकरी

१४ डिसेंबर. शेडमध्ये मी कोंबड्यांचं खाद्य कालवत होते. खर्च कमी व्हावा म्हणून मका घटवून कोंडा वाढवला होता आणि तो कोंबड्यांना पचावा म्हणून एन्झाइमची पावडर मिसळत होते. पचतंय की नाही ते कळावं म्हणून त्यांची विष्ठाही मी रोज वाकून पाहते.

तेवढ्यात सासूबाई जाळीतून भाकरीचे तुकडे आत सारताना दिसल्या. बांगडी त्यांच्या कोपरापर्यंत घसरली होती.

"आई, ही तुमच्या ताटातली ना?"

"त्यांना पचते गं. त्यांना तू पावडर घालतेस. मला कुठं पचते?"

त्या हसल्या. मला मान वर करवेना. त्यांचं ताट रिकामं दिसलं, की जेवल्या असं मी धरून चालले होते.

१५ डिसेंबर. सकाळी आधी मऊ भात शिजवला. त्या जेवेपर्यंत शेजारी बसले, मग शेडवर गेले.