मोंबासाहून आल्यावरचं पंचगव्य

आमच्या भोरात माझ्या रोजनिशीला खाद्य फार थोडं. नीरेला आलेलं पाणी, बाजारात हरवलेली चप्पल, कापूरहोळला बंद पडलेली सर्व्हिस मोटार. मग आफ्रिकेतल्या मोंबासाच्या काकांनी आई, वडील आणि मी अशा आम्हा तिघांना तिकडे बोलावून घेतलं आणि आगबोटीवर मी पानंच्या पानं भरली. उडणारे मासे लिहिले. आईला बोट लागली तेही लिहिलं. पुढे बरं वाटल्यावर ती लुगड्यावर वडिलांचा कोट चढवून कठड्याशी उभी राहिली आणि तोंडावर पाणी उडाल्यावर मोठ्यांदा हसली. घरात ती अशी कधी हसलेली मी ऐकली नव्हती.

परत आलो ते गौरींच्या तोंडावर. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, हिचा शब्द घरात शेवटचा. तिनं भटजींना आधीच बसवून ठेवलं होतं. समुद्र ओलांडला हे पाप. ते कबूल करून पंचगव्य घ्यायचं, नाहीतर पंगतीत पान नाही. वडिलांनी निमूट घेतलं, आईनंही घेतलं. माझी पाळी आली तेव्हा मी हात मागे घेतला.

"गोमूत्राला नाक मुरडतेस?" आत्यानं विचारलं.

"गोमूत्र भांडंभर पिईन. पाप केलं असं म्हणणार नाही."

"एक पळीभर तर आहे, घे की," वडील पुटपुटले. मला त्यांचा संताप आला, अजून येतो. बोटीवर याच माणसानं मला उचलून समुद्र दाखवला होता आणि म्हटलं होतं, नशीब लागतं हे बघायला.

गौरीजेवणाला बायकांची पंगत माजघरात बसली. माझं एकटीचं पान ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं असं. रडायचं नाही हे ठरलेलं होतं, म्हणून मी पुरणपोळीचे बारीक बारीक तुकडे करत बसले.

तेवढ्यात आई आपलं वाढलेलं पान दोन्ही हातांनी सांभाळत बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

आत्या दारात आली. "अगं, हिच्या पंगतीला बसलीस तर तुझं प्रायश्चित्त फुकट जाईल."

आईनं आधी आपल्या पानातल्या वाटीतलं तूप माझ्या पोळीवर वाढलं.

"जाऊ द्या, वन्सं. उद्या परत घेईन," ती म्हणाली, आणि आगबोटीवर हसली होती तशी सगळ्यांदेखत हसली.