भिडस्त माणसाचा डावा पाय

लुओबाईंच्या दवाखान्यात खाटेवर आडवं व्हायचं तर आधी मोजे काढावे लागत. बाईंचा हात जितका हलका, तितकी जीभ तिखट. भोक पडलेला मोजा दिसला की म्हणत, "वा, पायाला खिडकी ठेवलीय!" तरीही चीनच्या सच्वान प्रांतातल्या त्या नदीकाठच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब बाईंच्याच वहीत लिहिलेला असे. चार खाटा, शेकायला जाळलेल्या, वाळल्या दवण्यासारख्या पाल्याचा धूर, कोपऱ्यात गरम पाण्याचा थर्मास आणि गावभरच्या चौकशा, एवढा तो दवाखाना.

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचायला त्या वडिलांच्या हाताखाली शिकल्या आणि नंतर कॉलेजातही. हॉस्पिटलच्या गोळ्यांशी त्यांचं वैर नव्हतं. रक्तदाबाचा नवा पेशंट आला की पहिलंच वाक्य ठरलेलं असायचं, "सुई मी टोचणार, गोळी तुम्ही गिळणार. यातलं एक सोडलंत तर या दारात पाय ठेवायचा नाही." सगळे माना डोलवत. मोंगदादा तर सगळ्यांत जास्त डोलवत.

हे मोंगदादा म्हणजे भिडस्तपणाचा कळस. चौतीस वर्षं नदीवरच्या फेरीबोटीत तिकिटं फाडली, पण बिनतिकीट चढलेल्या माणसालाही "उभे का, बसा ना" म्हणणारा गडी. नाही हा शब्द त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. त्यांची बायको म्हणायची, "कुणाकडे जेवायला गेले की वाढणारा दमतो, पण हे थांबत नाहीत. मग रात्री पोट धरून अंगणात फेऱ्या मारतात, आणि मी बघत बसते." बहात्तराव्या वर्षी त्यांचा रक्तदाब चढला तो बरणीतल्या खारवलेल्या भाज्यांमुळे, असं बाईंचं मत होतं. त्या भाज्याही शेजारणी देत आणि यांना परत करवत नसत.

वर्षभर मंगळवारी आणि शुक्रवारी मोंगदादा न चुकता येत. बाई आधी रक्तदाब मोजत, मग कोपराजवळ, गुडघ्याखाली आणि दोन्ही पावलांवर अंगठ्याच्या बेचक्याच्या जरा वर सुया बसवत. सुई नीट बसली की आत ठणका भरतो, जडपणा येतो, कधी तो वर चढतो. तो आल्याशिवाय बाई पुढच्या सुईला हात लावत नसत. सुई फिरवता फिरवता विचारत, "आलं?" पेशंटने "आलं" म्हटलं की पुढे. वहीतले मोंगदादांचे आकडे तर इतके छान, की नव्या पेशंटांना त्या ते पान उघडून दाखवत. त्याचा त्यांना जरा अभिमानच होता, खोटं कशाला बोला.

त्या शुक्रवारी सकाळी चारही खाटा भरलेल्या होत्या. बाईंनी मोंगदादांच्या डाव्या पावलावर बोटाने जागा दाबली, सुई उचलली, तर तिचं टोक वाकलेलं. त्यांनी ती बाजूला टाकली आणि दुसरी घ्यायला वळल्या. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "आलं, आलं! मस्त भरून आलं बाई, घोट्यापर्यंत!"

बाईंना आधी हसू आलं. मग ते ओठावरच थिजलं. त्यांनी डाव्या अंगठ्याला नखाने जोरात चिमटा काढला. मोंगदादा छताकडे बघत मंद हसत होते. उजव्या पायाला चिमटा काढला, तसे ते ओरडले, "आई गं!"

अर्धांगवायूची चाहूल अशीच असते, हे बाईंना ठाऊक होतं. खाली वाकून त्यांनी हळूच विचारलं, "दादा, मी सुई टोचलीच नाही. हा पाय केव्हापासून असा आहे?"

"कसा?"

"मला शिकवू नका. केव्हापासून?"

मोंगदादांनी पलीकडच्या खाटांकडे नजर टाकली आणि पुटपुटले, "दोन महिने झाले असतील. तुम्ही एवढ्या मनापासून टोचता. चार माणसांत नाही आलं म्हणायचं, म्हणजे तुमचा हात चुकला असं होतं ना!"

"आणि डावा हात?"

"हात बरा आहे. आज सकाळी त्यातून चहाच्या कपाचं झाकण सुटलं तेवढंच."

पुढच्या दोन मिनिटांत बाईंनी चारही खाटांवरच्या सुया काढून, मोजून ताटलीत टाकल्या. "चला, उठा सगळे. दवाखाना बंद." एका पेशंटची गाडी दारात उभी होती, ती धरली.

मोंगदादा मात्र खाटेला चिकटून बसले. "हॉस्पिटलात? तुमच्या दारातून उठून? लोक म्हणतील, लुओबाईंची सुई चालत नाही."

"नाहीच चालत याला! ऐका रे सगळे, याला माझी सुई चालत नाही! झालं समाधान?" बाई ओरडल्या. बोलता बोलता त्या खाली बसल्या आणि मोंगदादांच्या पायांत मोजे चढवायला लागल्या. वर्षभर ज्या मोज्यांवरून टोमणे मारले, त्यांची भोकं त्या दिवशी त्यांना दिसलीही नाहीत.

हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीबाहेर मोंगदादांना चाकाच्या खाटेवर निजवलं. फोन करून बोलावलेली मोंगवहिनी धापा टाकत आली. एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन उभी राहिली. "कधीपासून होतंय हे?"

"आजच, आजच," मोंगदादा घाईने म्हणाले. "काल काहीच नव्हतं. लुओबाईंनी एका क्षणात ओळखलं. फार हुशार आहेत हो."

"खोटं आहे," बाई म्हणाल्या. त्यांच्या ओळखीचे दोघेतिघे त्याच बाकावर बसून ऐकत होते. बाईंचे कान लाल झाले, पण आवाज खाली आला नाही. "पाय दोन महिन्यांपासून, हात आज सकाळपासून. आठवड्यातून दोनदा हा पाय माझ्या हातात होता आणि मला कळलं नाही. लिहा. माझं नाव घालून लिहा."

"अहो, असं काय बोलता चारचौघांत!" मोंगदादा कळवळले.

"माझी अब्रू जाईल ती मी परत मिळवीन. तुम्ही गेलात तर तुम्हाला कुठून आणू?"

मग मोंगदादांनी डॉक्टरणीकडे न बघता, बायकोकडे न बघता, लुओबाईंना सांगितलं, "गोळ्याही घेत नव्हतो. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एकेक घ्यायचो, तुमच्याकडे येण्याआधी. तुमच्या वहीत आकडा चांगला यावा म्हणून. तुम्हाला किती आनंद व्हायचा."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"आणि बाई," मोंगदादा म्हणाले, "मला फार भीती वाटतेय."

बहात्तर वर्षांत या माणसाने आपलं एवढंसं ओझंही कधी कुणावर टाकलं नव्हतं.

"मलाही," लुओबाई म्हणाल्या आणि त्यांनी दादांचा हात घट्ट धरला. मोंगदादांची नजर भिंतीवर तशीच भिरभिरत राहिली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की हा डावा हात आहे. तो सोडून त्या खाटेला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि त्यांनी मोंगदादांचा उजवा हात धरला.