एकाच नंबरची चार माणसं

आमच्या ऑफिसात कोणी ‘चालतंय’ म्हणालं की कांबळे मॅडम त्याला खुर्चीवरून उठवत आणि स्वतः तिथे बसत. मग दोन कॉम्प्युटर आणि तीन मोबाइलवरून एकदमच तेच बटण दाबून बघत. कुठेतरी काहीतरी अडकायचंच. चष्मा डोक्यावर सरकवून त्या म्हणत, “तुझ्या एकट्यासाठी चालतंय रे. तुझ्या एकट्यासाठी कोण बनवतंय?”

लोअर परळला, जुन्या मिलच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत आमची छोटी कंपनी होती. मॅडमचे वडील त्याच मिलमध्ये कामाला होते. हे त्यांनी मला दोन वर्षांनी लिफ्टची वाट बघताना सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात माझ्या कोडमधली चूक काढली.

परळमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यासाठी आम्ही मोबाइलवरून नंबर देणारी साइट केली होती. सकाळी आठला नंबर सुटायचे आणि साइट मान टाकायची. सर्व्हरवर आमच्या प्रोग्रामची एकच प्रोसेस चालायची. म्हणजे खिडकी एक आणि रांग अख्ख्या परळची. मी एकाऐवजी चार वर्कर प्रोसेस चालू केल्या, म्हणजे चार खिडक्या. चाचणीत साइट पळायला लागली. साहेबांनी संध्याकाळी केक मागवला.

मॅडमनी तुकडा उचलून विचारलं, “पुढचा नंबर किती, हे ह्या चौघांना कोण सांगतं?”

“सर्व्हर सांगतो, मॅडम.”

“सर्व्हर म्हणजे नक्की कोण? दोन दिवस थांबू, बघून घेऊ.”

साहेब म्हणाले, उद्याच चालू करायचं. मी केक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मॅडम साडेसातलाच येऊन बसल्या, मलाही बोलावून घेतलं. सव्वाआठला दवाखान्यातून फोन आला: पहिल्या नंबरची चार माणसं आहेत, दुसऱ्या नंबरचीही चार. प्रत्येक वर्करची मेमरी वेगळी असते आणि मी नंबर तिथेच ठेवला होता. चौघंही आपापले एकपासून मोजत होते, आणि एकालाही बाकीच्या तिघांचा पत्ता नव्हता.

“तीन वर्कर बंद कर. मग चल,” मॅडम म्हणाल्या.

“कुठे?”

“जिथे माणसं उभी आहेत तिथे.”

दवाखान्यात एक मालवणी आजी मोबाइल उंच धरून विचारत होत्या, “माझो नंबर पयलो असा, मगे ह्येंचो कसो पयलो?” रक्त तपासायला उपाशीपोटी आलेले एक काका भिंतीला टेकून घामाघूम झाले होते. मॅडमनी आधी त्यांना आत पाठवलं. मग एकेकाच्या मोबाइलवर नंबर घेतल्याची वेळ बघून कागदाच्या चिठ्ठ्यांवर हाताने नवे नंबर लिहिले. चिठ्ठ्या वाटायचं काम माझं. प्रत्येकाला ‘चूक माझी’ असं सांगायचं, ही अटही त्यांचीच.

“जाऊ दे, कॉम्प्युटरच चुकला असेल,” एक आजोबा मला समजावत होते.

“नाही आजोबा,” मॅडम मान वर न करता म्हणाल्या, “हाच चुकला.”

दुपारी मी नंबर डेटाबेसमध्ये एकाच जागी नेऊन ठेवला, आणि चारही वर्कर तिथूनच तो घेऊ लागले. महिनाअखेरीस दवाखान्याकडून वेगाबद्दल आभाराचं पत्र आलं. साहेबांनी मला बढती दिली. मॅडमना मेमो मिळाला: कामाच्या वेळेत परवानगीशिवाय जागा सोडल्याबद्दल. त्यांनी तो नीट वाचला, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक पेनाने दुरुस्त केली आणि सही केली.

पुढच्या महिन्यात त्या माझगावच्या एका कंपनीत रुजू झाल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो.

“मॅडम, मेमो मला मिळायला हवा होता.”

“मग साहेबांना सांग ना तसं,” त्या म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या.

सांगतो म्हणालो. साहेब दोन वर्षांनी दुसरीकडे गेले. त्यांच्या केबिनमध्ये आता मी बसतो. सांगायचं तेवढं राहूनच गेलं.