सासूबाईंच्या खाटेखाली

आमची कुत्री चंपी व्याली, तीही सासूबाईंच्या खाटेखाली, त्यांच्या जुन्या लुगड्यांवर. ती गाभण आहे हे मला कळलंही नव्हतं. सासूबाईंनी मात्र लुगडी आधीच अंथरून ठेवली होती. रोज खोलीच्या उंबऱ्यावरूनच तिला ‘हाड्’ करणाऱ्या याच बाई! माझ्या हातची दूधपोळी खाऊन वाढलेली चंपी, मी पिल्लाकडे हात नेताच माझ्यावर गुरगुरली. सासूबाई तिच्या पाठीवरून खुशाल हात फिरवत होत्या. जीव लावला की तो जीव आपला होतो, असं आपल्याला उगाच वाटतं.

“एवढं केलं मी हिचं, आणि व्यायला आली तुमच्याकडे!” मी म्हणाले.

“बाळंतपणाला बाई माहेरीच जाते गं,” त्या म्हणाल्या.

म्हणजे इतकी वर्षं माझ्या पायाशी झोपून चंपी सासरी नांदत होती.