गौरींनी भरलेली ग्रामसभा

खोटं बोलताना माझे कान लाल होतात, त्यामुळे नोकरीत मी ते कधी केलं नाही. एकदाच झालं, आणि तेही माझ्या हातातल्या मशीननं केलं. मी फक्त त्याला अडवलं नाही.

किनाऱ्यावरच्या एका कोळी गावात मी ग्रामसेवक होतो. गाव मला भाऊसाहेब म्हणायचं आणि भाऊसाहेबाचा उजवा हात लिहिण्यासाठीच आहे असं सरकार समजायचं. एक ग्रामसभा झाली की हजेरी लिहा, इतिवृत्त लिहा, ठराव लिहा, मग त्या सगळ्याच्या तीन प्रती करा. सभा तासाभराची आणि लिखाण चार दिवसांचं. अशात एकदा आम्हाला तालुक्याला बोलावून प्रत्येकाला एक टॅब दिला. शिकवणारा म्हणाला, "आता तुमची हजेरी लिहायची कटकट संपली. सभेचा एक फोटो काढायचा. मशीन चेहरे मोजतं, बाया-पुरुष वेगळे करतं आणि कोरम झाला का तेही सांगतं." मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. बाकी कोणीच वाजवल्या नाहीत, पण मी त्या पूर्ण वाजवल्या.

टॅबची पहिली परीक्षा ऑगस्टच्या ग्रामसभेला आली. त्या सभेत एकच महत्त्वाचा विषय होता: मासळी सुकवायचे सिमेंटचे ओटे. गावच्या बाया जवळा, बोंबील डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घालायच्या, आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या त्यावरून जायच्या. बायांच्या गटाच्या अध्यक्षीणबाईंचा आदल्या हंगामातला निम्मा जवळा असाच चाकांना लागून मुंबईला गेला होता. ओट्यांसाठी त्या दोन वर्षं माझ्या टेबलासमोर येऊन बसत होत्या. त्या वर्षीच्या कामांची तालुक्याची यादी ऑगस्टअखेर बंद होणार होती. शंभर माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि ओटे पुढच्या वर्षावर.

पंचायतीचं छप्पर गळत होतं, म्हणून सभा शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात ठेवली. मासेमारीची बंदी नुकतीच उठलेली, भरतीही जोराची, त्यामुळे पुरुष होड्यांवर. अकरा वाजता मी डोकी मोजली तर त्रेचाळीस. त्यातले दोघे पावसातून आडोशाला आलेले, तिसरा गणपती ठरवायला आलेला. बाई एकसुद्धा नाही. सरपंचांनी विषय वाचला, सगळ्यांनी हात वर केले. मी मनातल्या मनात सभा तहकूब केली आणि निदान टॅब चालवून तरी बघू म्हणून स्टुलावर चढून फोटो काढला.

मशीन थोडं गरगरलं. मग पडद्यावर हिरवी अक्षरं आली. उपस्थिती एकशे चार. महिला एकसष्ट. कोरम पूर्ण.

मी स्टुलावरच उभा. मागच्या फळ्यांवर गौरींचे मुखवटे ओळीनं मांडले होते. नथी घातलेले, कुंकू लावलेले, सगळे कसे शिस्तीत आमच्याकडे बघत बसलेले. गणपतींना मशीननं मोजलं नव्हतं, सोंडेपाशी त्याची अक्कल थांबली असावी. कारखान्याचा मूर्तिकार शेजारच्या स्टुलावर चढून माझ्या खांद्यावरून डोकावला आणि बोटानं मोजू लागला.

"भाऊसाहेब, बरोब्बर एकसष्ट. ज्यांचे डोळे लिहून झालेत तेवढ्याच घेतल्या त्यानं. वरच्या फळीवरच्या अजून आंधळ्या हायत, त्या सोडल्या." त्याला मशीनचा फारच आदर वाटला. "माझे डोळे जिवंत असतात म्हणून पेणचे लोक मान्य करत न्हाईत. आता सरकारनं केलं."

खाली एकच बटण होतं, 'सादर करा'. मला रस्त्यावरचा जवळा आठवला. मी बटण दाबलं. कान लाल झाले, पण पावसाळी अंधारात कोणाला दिसले नाहीत.

आठवड्यानं पंचायत समितीतून फोन आला. महिलांच्या उपस्थितीत आमचं गाव तालुक्यात पहिलं होतं. गटविकास अधिकारी मॅडम स्वतः येऊन त्या एकसष्ट महिलांचा सत्कार करणार होत्या.

मी तडक अध्यक्षीणबाईंच्या दारात गेलो. त्या बोंबील निवडत होत्या. सगळं सांगितलं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्यातली कोन व्हती?"

"कोणीच नाही."

"मंग ओट्यासाठी हात कोनी वर केला? गौरीनी? मुखवट्याला हात असतान व्हय?"

"नसतात."

"तुमी शिकलेली मानसं," त्या म्हणाल्या. हे त्यांच्याकडचं शेवटचं हत्यार होतं.

मी धीर करून विचारलं, "तुम्ही तरी सभेला का येत नाही? ओटे तुमचेच ना?"

त्यांनी बोंबील खाली ठेवला. "अकराला तुमची सभा, अकरालाच आमचा बाजार. मासली थांबल का भाऊसाहेबासाठी? तीनला ठेव, मंग बघ. मॅडम येतीलच, त्याच दिवशी ठेव. आनि दवंडी दे, नोटीस लाव, सगला कायद्यानं कर. गौरीचा ठराव मना नको. मोडला तर?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत सभा दुपारी घ्यावी हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी नोटीस लावली: विशेष ग्रामसभा, दुपारी तीन, विषय ओटे.

त्या दिवशी मॅडम शाल-नारळांचं पोतं घेऊन आल्या. कारखाना भरायला अजून वेळ होता, म्हणून त्यांनी टॅबवर तो गाजलेला फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघत राहिल्या.

"भाऊसाहेब, या सगळ्या एकाच घरातल्या का?"

"एकाच साच्यातल्या, मॅडम," मूर्तिकार अभिमानानं म्हणाला.

मॅडमनी फळ्यांकडे पाहिलं. फळ्या रिकाम्या होत्या, गौरी विकल्या गेल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानांनी उरलेलं सांगून टाकलं. "हा ठराव मला रद्द करावा लागेल," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तुम्हाला नोटीस द्यावी लागेल."

"द्या की," मागून आवाज आला. अध्यक्षीणबाई आत आल्या होत्या आणि त्यांच्या मागे बाया संपतच नव्हत्या. बाजारातून परस्पर आलेल्या, टोपल्या दाराशी ठेवून एकमेकींना ढकलत जागा करणाऱ्या. "मॅडम, त्या दिवशीचा मोडा. त्या आल्या, पाहुनचार घेतला, गेल्या. आज आमी आलोय. आज मोजा."

मॅडमनी मशीन बाजूला ठेवलं आणि बोटानं मोजलं. एकशे अठरा बाया निघाल्या. ठराव वाचला, हात वर झाले, खवल्यांनी चमकणारे. जुनी नोंद काढून टाकायला मात्र मशीनमध्ये बटणच नव्हतं. त्यासाठी अर्ज लिहायचा होता, तीन प्रतींत, हातानं. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "लिहा."

मी लिहीत असतानाच बायांनी मॅडमना उठवलं. मंजुरी, अंदाजपत्रक, काहीही अजून नव्हतं, पण अध्यक्षीणबाईंना जागा आजच मोजून हवी होती. "मॅडम परत येतील का न्हाईत, कोनाला ठावूक?" पाऊस थांबला होता. सगळी वरात किनाऱ्याकडे निघाली. मीही अर्ज अर्धवट टाकून गेलो.

रेतीच्या वर, सुरूच्या झाडांपाशी, मॅडमच्या हातात टेपचं एक टोक देण्यात आलं. त्यांच्या चपला ओल्या वाळूत रुतल्या होत्या. "हलू नका हां, मॅडम," असं बजावून अध्यक्षीणबाई दुसरं टोक घेऊन चालत गेल्या. ठरलेल्या लांबीला थांबल्या, खुंटी ठोकली. मॅडम वहीत आकडा लिहायला खाली वाकल्या. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी खुंटी उपटली आणि चार पावलं पुढे नेऊन पुन्हा ठोकली.

मग माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.