लीगमधलं भेव

लीग खेळल्यानं खेळ सुधरतो का, असं अजून कोणी कोणी मला विचारते. आधी तर बिघडतो. माझा बिघडला होता.

इचोड्याला माझ्या भाजीच्या दुकानाला लागून एका स्पेअर पार्टवाल्यानं पूलचं, म्हणजे काठीनं बॉल पॉकेटात घालायच्या खेळाचं, टेबल टाकलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तिथं काठी धरायचो. बायको हसायची. "तुमचा हात वांगे निवडाले बरा आहे," म्हणायची. तरी मला उशीर झाला की दुकान तीच सांभाळायची. त्या टेबलावर मी चांगल्या चांगल्यांना हरवलं. तिथं भेव नव्हतं. हरलो तर उठून भाजीवर पाणी मारायचं.

बायको गेली त्या वर्षी मी लीगमध्ये नाव दिलं. खेळासाठी नाही. दिवस मावळला की घरात भाकरी थापल्याचा आवाज नसायचा, आणि मला त्या घरात जायचं भेव वाटायचं. म्हातारा माणूस, असं कोणाला सांगणार? लीगची मंडळी सांजच्याला सरावाला जमायची. मला तेवढंच पाहिजे होतं.

पण लीगमध्ये चारी बाजूंनी माणसं उभी. काठी पुढं नेली की माझं कोपर थरथरायचं. आमच्या टेबलावर सहज जाणारा बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबायचा. हरतच गेलो.

त्यातच जिल्हा फोडला. एका आदिलाबादचे चार झाले. मंचेरियाल, आसिफाबादकडच्या टीमा आपापल्या जिल्ह्यात गेल्या, लीग लहान झाली, आणि सहाच्या टीमा चारच्या करायचं ठरलं. आमचा कप्तान टायर पंक्चरवाला, तोंडाचा फटकळ. काका, रविवारी जिंकले तर राहा, नाही तर मी दुसरा घेतो, म्हणाला. वर, चहा प्यायला येत जा, हेही म्हणाला. टीममधला म्हातारा आणि चहाला येणारा म्हातारा, यात फरक काय ते मला समजत होतं. रविवारपर्यंत मला जेवण गेलं नाही.

समोर उटनूरचा एक मास्तर होता. शेवटी माझा नुसता काळा बॉल उरला, त्याचा एक. काळा सगळ्यात शेवटी घालायचा, तो गेला की मी जिंकलो. पण तो लांब होता. चुकला असता तर मास्तरचा बॉल पॉकेटच्या तोंडाशीच होता, मग माझं संपलं. मागून आमचे लोक म्हणत होते, मारा काका, मारा. हात ओले झाले. शर्टाला पुसले, पुन्हा ओले.

मी मारला नाही. काठीनं मारायच्या पांढऱ्या बॉलनं काळ्याला हळूच ढकललं. काळा कडेला लागून थोडा मागं आला आणि पांढरा त्याच्या आड थांबला. आता मास्तरला आपल्या बॉलकडे सरळ वाट नव्हती.

कप्तान म्हणाला, "काऊन काका, भेले का?"

"हो, भेलो."

लोक हसले. मास्तर हसला नाही. टेबलाभोवती फिरला, वाकला, उठला, पुन्हा वाकला. हा डाव लीगमध्येच जैनथच्या एका माणसानं माझ्यावर टाकला होता. आमच्या टेबलावर असं कोणी खेळत नाही, तिथं सगळे नुसते मारतात. मास्तरनं कडेवरून फिरवून मारला, पण त्याच्या बॉलला लागलाच नाही. असं झालं की दुसऱ्यानं पांढरा उचलून पाहिजे तिथं ठेवायचा. मी काळ्याच्या अगदी जवळ ठेवला. काळा मारायच्या आधी पॉकेट तोंडानं सांगावं लागते, आणि माझा आवाज फुटेना. मी काठीनं दाखवलं.

"बोला," पंच म्हणाला.

"कोपऱ्याचं," मी कसंबसं म्हटलं, "माझ्या उजव्या हाताचं."

गेला.

कप्तानानं माझ्या हातातून काठी घेतली, पुसली, आणि उद्या सरावाला या म्हणाला. मी विचारलं, किती वाजता. रोजच्याच टायमाला, तो म्हणाला. दारापर्यंत जाऊन मी परत फिरलो आणि पुन्हा विचारलं.