वय वर्षे सात

बसस्थानकाच्या मागे, जिथे गाड्या धुतात, तिथे एक सिमेंटचा बाक आहे. मावशी एकोणीस वर्षं रोज दुपारी त्या बाकावर जाऊन बसत आली. मांडीवर बटणांचा डबा, सुईत ओवलेला दोरा आणि तोंडाला कुलूप. ती कोणाला हाक मारायची नाही. तिथे राहणारी मुलं आधी लांबूनच बघायची. मग एखादं तुटक्या बटणाचा सदरा पुढे करायचं. एक बटण लावायला किती वेळ लागतो? पण मावशी मुद्दाम रेंगाळायची. तेवढा वेळ मूल एका जागी टेकतं, एवढंच तिचं शास्त्र. पहिल्या दिवशी ती नावसुद्धा विचारत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल आपणहून बोलायला लागे, आणि एकदा लागलं की थांबत नसे.

ती निवारागृहातली साधी मदतनीस. मुलं आणायची, त्यांना न्हाऊ घालायचं, उवा काढायच्या, शाळेत नाव घालायचं. आजवर किती आणली आणि किती पळून गेली, असं कोणी विचारलं की "माझ्या खपल्या काढू नका" म्हणून उठून जायची. आता तिला एकोणसाठावं लागलं होतं. गुडघ्यांनी दावा मांडला होता. नोकरीची दोनच वर्षं उरली होती आणि तीही तिला डोंगराएवढी वाटत होती.

त्या बाकावरच तिला ती दोघं भेटली. बहीण दहाएक वर्षांची, जिभेने तिखट. धाकटा भाऊ कायम तिच्या फ्रॉकचं टोक धरून मागे, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत. चल म्हटल्यावर बहिणीने आठ दिवस ताटकळत ठेवलं आणि नवव्या दिवशी अट घातली.

"याला माझ्यापासून वेगळं केलंस तर मी त्याच दिवशी पळेन. मागे एकदा नेला होता लोकांनी. तीन महिने शोधत होते मी."

"नाही करणार," मावशी म्हणाली. पटकन म्हणाली.

आता निवारागृहाची रीत अशी, की ज्या मुलाला कागदपत्रं नाहीत, त्याचा आत आल्याचा दिवस तोच वाढदिवस. वय मदतनिसाने अंदाजाने लिहायचं. मुली इथेच राहत, पण मुलग्याला आठ पूर्ण झाली की त्याची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या मुलग्यांच्या बालगृहात. त्या दिवशी मावशीने भरलेला तो प्रवेशाचा चौथा अर्ज होता. तिने शेपटाचं तोंड उघडून पाहिलं. समोरचे दोन दात नवे, करवतीसारखे.

"पाच लिही गं," स्वयंपाकीणबाई आतून म्हणाली. "बोटभर तर आहे."

"दात बघ त्याचे. मला काय डोळे नाहीत?" असं म्हणून मावशीने प्रामाणिकपणे सात लिहिलं. वर्षभरात हाच आकडा आपल्या मानगुटीवर बसेल, हे दमलेल्या डोक्यात आलंच नाही.

वर्ष बघता बघता गेलं. बहीण दुकानांच्या पाट्या वाचायला लागली आणि चुका असल्या तर दुकानदाराला सांगायला लागली. शेपूट तिच्याच शाळेत दुसरीत. आणि एका सकाळी बदलीच्या यादीत त्याचं नाव लागलं.

मावशी अधीक्षकसाहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, मीच लिहिलं होतं. मीच खोडते."

"खोडायला ती काय पाटी आहे, मावशी? डॉक्टरांचा दाखला आणा."

डॉक्टरांनी दात पाहिले, मनगट दाबून पाहिलं. "हा नऊचा आहे हो. देऊ लिहून?"

"नको, नको. राहू द्या."

"मी नऊचा!" शेपूट आनंदाने दवाखानाभर ओरडला. मावशीने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

घरी तिने पिशवी टाकली आणि भिंतीला टेकून बसली. "अहो, त्या पोरीला मी शब्द दिला होता."

नवरा निवृत्त कंडक्टर. तो म्हणाला, "त्याला झोपू दे तिकडे. शाळा हीच ठेव. दोघं दिवसभर एकत्र राहतील."

"आणि रोज आणणार कोण?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "पाच पन्नासची गाडी धर. सहा पस्तीसची वेळेवर येत नाही. मी बत्तीस वर्षं तिच्यातच उशिरा आलोय."

तिने हे जाऊन सांगितलं तेव्हा साहेबांनी चष्मा काढला. "अहो, पण तुमचे गुडघे?"

"तेही येतील माझ्याबरोबर."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी सही केली.

बहिणीला सांगायचं काम मात्र कोणी अंगावर घेईना. मावशीनेच सांगितलं. पोरगी रडली नाही, भांडली नाही.

"तू नाही म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. चुकलं माझं."

"उद्या शाळेत बघेन. नाही आला तर मी चालले."

त्याच संध्याकाळी शेपटाला बालगृहात नेलं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मावशी पाच पन्नासच्या गाडीने निघाली. बालगृहात शेपूट कपडे घालून तयार होता. रात्रभर तसाच बसला होता म्हणे. शाळेकडे यायला पहिली गाडी मिळाली. तिच्यात तो मावशीच्या मांडीवर झोपला. दुसरी गाडी मात्र आलीच नाही. वीस मिनिटं वाट पाहून मावशीने त्याचा हात धरला आणि चालायला लागली. पुलाच्या चढावर तिने दोनदा कठडा धरला. "मावशी, मी उचलू तुला?" शेपटाने विचारलं. हसायचंसुद्धा त्राण तिच्यात नव्हतं.

शाळेच्या कोपऱ्यावर पोहोचली तेव्हा घंटा होऊन गेली होती. शिपाई फाटक लोटत होता. फाटकाबाहेर बहीण उभी. पाठीला दप्तर नव्हतं. हातात कपड्यांचं गाठोडं होतं आणि तोंड रस्त्याकडे.

शेपूट हात सोडवून धावला. ती त्याला मिठीबिठी मारत बसली नाही. त्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "दात घासलेस?"

"तिकडे ब्रश नव्हता."

तिने मावशीकडे पाहिलं. मावशी फाटकाच्या गजाला धरून श्वास गोळा करत होती.

"उद्या आणशील?"

"उद्या सुट्टी."

"मग परवा?"

"परवा आणीन."

"आणि त्याच्या पुढे?"

मावशीच्या तोंडावर आलं होतं, रोज आणीन, कायम आणीन. असं बोलून ती एकदा फसली होती. पुलावरचा चढ तिला आठवला.

"परवा आणीन," ती पुन्हा म्हणाली. "परवाचं नक्की."

"आत या गं पटकन," शिपाई ओरडला, "की माझी नोकरी घालवता?"

पोरीने गाठोडं मावशीच्या हातात दिलं. "हे माझ्या खाटेखाली ठेव. आणि दप्तर पाठव कोणाबरोबर तरी." मग भावाला पुढे ढकलत ती आत गेली.

मावशी गाठोडं काखेत घेऊन निघाली. ते तसं हलकंच होतं, पण तिला ते दोनदा खाली ठेवावं लागलं.